‘येतो’ म्हणून निघालेला शेजारी

अंटार्क्टिकावर मी वर्षाहून अधिक काळ राहून आलो, हे वाशीत आमच्या सेक्टरमध्ये सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसून कसं चालेल? परत आल्यावर मी शाळांत बोललो, ज्येष्ठ नागरिक संघात बोललो, गणपतीच्या मंडपात पडदा लावून फोटो दाखवले. पेंग्विन दाखवले, बर्फात रुतलेली बोट दाखवली, लोकांना पोट धरून हसवलं. एका माणसाबद्दल मात्र मी नेहमी अर्धंच बोललो, आणि ते अर्धं माझ्या सोयीचं होतं. ‘हे सगळं लिहून काढा’ असं पुष्कळांनी सुचवलं. मी ‘बघू’ म्हणत टाळत गेलो, कारण बोलताना एखादी गोष्ट गाळली तर कुणाच्या लक्षात येत नाही. लिहिताना गाळली की तिथे भोक दिसतं. आता सत्तरी उलटली आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दिसतंय स्वच्छ. म्हणून लिहितो. प्रवास सुंदर होता आणि तो मी सुंदरच सांगणार आहे. तो माणूसही येईल, या वेळी पूर्ण.

निघण्याआधी

मी टेलिफोन खात्यात वायरलेसचा माणूस. पन्नाशी ओलांडलेली, मुलीचं लग्न झालेलं, ब्लडप्रेशर नाही. ध्रुवीय संशोधन केंद्रावर संपर्काचं काम बघायला माणूस हवा आहे, असं परिपत्रक ऑफिसात आलं. सगळ्यांनी ते वाचलं, हसले आणि बाजूला ठेवलं. मी घरी घेऊन आलो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, कणीक मळत होती.

“बेलापूरला बदली झाली तेव्हा आठवडाभर तोंड पाडून बसला होतात,” ती म्हणाली, “आणि आता थेट अंटार्क्टिका?”

“बेलापूरला बर्फ नव्हता.”

“जा मग. पण तिकडचे लोकरीचे कपडे धुवायला इथे आणू नका. बाल्कनीत जागा नाही.”

एवढी परवानगी मला पुरली.

निवड झालेल्यांना आधी हिमालयात नेऊन बर्फावर चालायला शिकवतात. दोरी कशी बांधायची, घसरलं तर कसं थांबायचं, हात बधिर व्हायला लागला तर काय करायचं. तिथे जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक बुटका, रुंद छातीचा, मिशी रंगवलेला गृहस्थ भात कमी वाढल्याबद्दल वाढप्याशी हुज्जत घालत होता. हिंदीत सुरुवात केली आणि राग आल्यावर मराठीत शिरला. मी हसलो. तो वळला.

“तुमी आपलंच का? कुठचं?”

“वाशीचा.”

“मंग शेजारीच की! मी तलवलीचा. हिराजी मढवी.”

“तळवली कुठे आली?” मी विचारलं.

त्याने मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. “घनसोलीच्या बाजूला. किती वरसं हाव वाशीन?”

“झाली बरीच.”

“बरीच वरसं आमचे गावावरून रोज जातंव नि तलवली म्हाईत नाय. बरा हाय. आता बर्फान जाऊ, तिथं गावच नाय, चुकायची भीती नको.”

हिराजी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात गाड्या आणि इंजिनं दुरुस्त करायचा. घरची शेती शहर वसवताना गेली, बापाचं मिठागरही गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाड्या सांभाळायला त्याची निवड झाली होती. माणूस मोठ्या आवाजाचा, हट्टी, रमीत बिनदिक्कत पत्ता लपवणारा. त्या दिवसापासून तो मला नावाने हाक मारेना. ‘शेजारी’ म्हणायला लागला, आणि मीही त्याला तेच म्हणू लागलो. आमच्या तुकडीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच होतो.

केपटाउनपासून खाली

केपटाउनला बोटीत चढलो. बोट रशियन होती, खलाशीही तिकडचे. पहिल्या जेवणाला बिटाचं लालभडक सूप आलं, वर आंबट सायीचा गोळा. हिराजीने चमचा बुडवला, चव घेतली आणि गंभीरपणे म्हणाला, “सोलकढी बिघडली हाय.” तरी त्याने दोनदा मागून घेतलं.

“समुद्राचा मना काय सांगतंस,” तो डेकवर उभा राहून सगळ्यांना ऐकवत होता. “आमचे आज्याचा मचवा व्हता खाडीन. रक्तान दर्या हाय.”

केपटाउनचा डोंगर दिसेनासा झाला आणि खऱ्या लाटा सुरू झाल्या. त्या भागात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे पाणी डोंगरासारखं उठतं आणि बोट बाजूला एवढी कलते, की पलंगावर झोपलेला माणूस भिंतीवर उभा राहिल्यासारखा होतो. आमच्या केबिनमध्ये बूट, थर्मास आणि माझा चष्मा रात्रंदिवस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होते. सगळ्यांत आधी आडवा झाला तो रक्तात दर्या असलेला हिराजी. मी त्याच्यामागोमाग.

“शेजारी,” वरच्या पलंगावरून कण्हत आवाज आला, “मेलू तं तलवलीला कलवा.”

“मेलास तर बर्फातच ठेवतील. खराब होणार नाहीस.”

वरून हसण्याचा आवाज आला, मग ओकारीचा. एकमेकांच्या बादल्या धरल्यावर ‘तुम्ही’ टिकत नाही. तिथून आम्ही ‘अरे-तुरे’वर आलो.

एका सकाळी जाग आली तर बोट हलत नव्हती, थर्मास जागेवर होता. वर गेलो. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत, त्यावर बर्फाचे चपटे तुकडे, आणि लांब एक हिमनग. हिमनग पांढरा असेल अशी माझी समजूत होती. तो निळा होता, आतून दिवा लावल्यासारखा. पुढे दोन दिवसांनी बर्फाची कड आली: समुद्रातून सरळ उभी उठलेली पांढरी भिंत, डावीकडे संपत नाही, उजवीकडे संपत नाही. भिंतीच्या वर सपाट पांढरं मैदान आकाशापर्यंत गेलेलं. माझ्या डोक्यात जमवून आणलेली वाक्यं होती, घरी फोनवर सांगण्यासाठी. हिराजी कठड्याला रेलून बघत राहिला आणि हळूच म्हणाला,

“बाबा बगाया पायजे व्हता. केवडा मोठा मिठागर.”

माझी वाक्यं मग मी कुणाला सांगितली नाहीत.

केंद्रावर

बोटीवरून हेलिकॉप्टरने आम्हांला आत नेलं. केंद्र बर्फावर नाही, उघड्या खडकांवर आहे. पारसिकच्या डोंगरात दगडखाणी आहेत ना, तसा तपकिरी, फुटका, एक गवताची काडी नसलेला मुलूख; मधे एक तळं; आणि लोखंडी खांबांवर उभी केलेली लांबट इमारत. थोड्या अंतरावर गाड्यांचं गॅरेज, जनरेटर, डिझेलच्या टाक्या, आणि तळ्याच्या काठाला पंपाची झोपडी. या सगळ्या जागा दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या. स्वच्छ उन्हात त्या दोऱ्या बघून मला हसू आलं होतं. चार पावलांवरचं गॅरेज, त्याला दोरी कशाला?

पहिले काही दिवस मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं: वास नाही. आमच्याकडे ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास, रस्त्याला कारखान्यांचा, मार्केटकडून वारा आला तर कांद्याचा. इथे मातीलाही वास नाही, कारण माती नाही. नाकाला काही कामच उरलं नाही.

ते काम हिराजीने दिलं. त्याच्या बॅगेत, लोकरी मोज्यांच्या आत, प्लास्टिकच्या कितीतरी पिशव्यांत गुंडाळलेले सुके बोंबील होते. एका रविवारी स्वयंपाकघराची पाळी आमची होती. त्याने ते तव्यावर टाकले. बंद इमारत, तीच हवा आत फिरवणारी यंत्रणा; क्षणात झोपायच्या खोल्यांपासून प्रयोगशाळेपर्यंत घमघमाट. आमचे प्रमुख नेगीसाहेब, हिमाचलातले भूशास्त्रज्ञ, अतिशय मोजकं बोलणारे, धावत आले.

“मढवी, कोई वायर जला है क्या?”

“नहीं साब. दोपहर का खाना है.”

मी देशावरचा. मटण खाणारा, पण सुक्या मासळीला हात न लावणारा. त्या दिवशी भाताबरोबर बोंबील खाल्ला आणि पुन्हा वाढून घेतला. हिराजी माझ्या ताटाकडे बघून डोळे मिचकावत होता. “वाशीवाला बाटला,” त्याने जाहीर केलं.

उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, नुसता डोक्याभोवती गोल फिरतो. खिडक्यांना काळे पडदे लावून रात्र करावी लागते. समोर अख्खं तळं असूनही आंघोळ आठवड्यातून एकदा, कारण पाणी उपसायला आणि गरम करायला डिझेल लागतं. बिस्किटाचा कागदसुद्धा तिथे टाकायचा नाही, सगळा कचरा बांधून बोटीने परत. बूट दाराबाहेर. हा एकच नियम असा होता, की तो ऐकून मला घरच्यासारखं वाटलं.

आम्हांला तिथेही खरे शेजारी होते. डोंगरापलीकडे रशियनांचं केंद्र होतं आणि त्यांचे लोक अधूनमधून काळा पाव आणि खारवलेली काकडी घेऊन यायचे, बदल्यात पापड न्यायचे. त्यांच्यातला एक म्हातारा हवामानवाला माझा दोस्त झाला. त्यांच्याकडे उंबऱ्यावर हात मिळवत नाहीत; एक आत आणि एक बाहेर असेल तर हात मागे घेतात. आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी सगळे क्षणभर गप्प बसतात. हे त्याने मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मग मीही त्याला आपल्याकडचं सांगितलं: आमच्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ. निघणारा म्हणतो ‘येतो’. आणि राहणारा त्याला म्हणतो, ‘ये’. म्हाताऱ्याला ते इतकं आवडलं की निघताना दारात उभा राहून ‘येतो, येतो’ करत राहिला. नेगीसाहेब त्या वेळी बर्फाच्या कडेवर सामान उतरवून घ्यायला गेले होते. ते तिथे असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरं नाही.

बिल्ल्यांचा बोर्ड

माझं काम वायरलेसच्या खोलीत. तिच्या दाराशेजारी एक बोर्ड होता आणि त्यावर प्रत्येकाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला. एका बाजूने हिरवा, म्हणजे माणूस आत. उलटा केला की लाल, म्हणजे बाहेर. कुणीही बाहेर पडताना, जागा बदलताना आणि परतताना रेडिओवर मला कळवायचं. मी विचारायचं, कुठून कुठे. आणि मग बिल्ला फिरवायचा. बोलायचं हिंदीत किंवा इंग्रजीत, म्हणजे ऐकणाऱ्या कुणालाही कळेल.

हिराजी आणि मी मराठीत बोलायचो. कुणी काही म्हणत नव्हतं. सुरुवातीला त्याचा निरोप असा यायचा: “शेजारी, गॅरेजान जाऊन येतू रं. इंजिनाचा पानी बगतू नि येतू.”

मी त्याला शिकवायला गेलो. आयुष्यभर वायरलेसवर काम केलेलं, त्यामुळे लांबण लावणारा माणूस मला सोसत नसे. शिवाय, खरं सांगायचं तर, त्याची भाषा सुधारायची मला हौस होती.

“पानी नाही, पाणी. आणि ‘जाऊन येतू’ काय? गेल्याशिवाय माणूस येणार कसा? रेडिओची बॅटरी थंडीत लवकर उतरते. एका शब्दात सांग. ‘येतो.’ संपलं.”

“येतो,” हिराजी बातम्या वाचणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणाला. तेव्हापासून तो मुद्दाम त्याच आवाजात, एवढंच म्हणायचा. मी हसायचो आणि विचारायचो, कुठे? तो सांगायचा. काम चालत होतं.

उन्हाळा सरला. बोट परत गेली, उन्हाळ्यापुरते आलेले शास्त्रज्ञ गेले, आम्ही हिवाळ्याचे मोजके लोक राहिलो. शेवटचं हेलिकॉप्टर दिसेनासं झालं तेव्हा एकालाही रडू आलं नाही. उलट घर आपलं झाल्यासारखं वाटलं. सूर्य आता क्षितिजावर थोडा वेळ टेकून जायचा आणि दुपारीच तांबडी संध्याकाळ व्हायची. इतका सुंदर प्रकाश मी पुन्हा पाहिला नाही.

अशाच एका दुपारी हिराजी गॅरेजमध्ये होता, बिल्ला लाल. माझी घरी फोन करायची पाळी होती. सुनंदा सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीचं भांडण सांगत होती: टाकी धुतलीच नाही, सेक्रेटरी म्हणतो धुतली, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी स्वतः शिडी चढून बघून आल्या. भांडण रंगात आलं होतं. दुसऱ्या कानाला रेडिओ खरखरला.

“शेजारी, येतो.”

“ये,” मी म्हणालो.

काम आटपून चहाला येतोय, असं मी समजलो. कुठून कुठे, हे विचारलं नाही. हात लांब करून बिल्ला हिरवा केला आणि सुनंदाला म्हणालो, “मग? वहिनींना काय दिसलं टाकीत?”

हिराजी गॅरेजातून तळ्यावर निघाला होता. पंपाच्या पाइपात बर्फ धरायला लागला होता, तो बघायला. त्याच्या लेखी त्याने निघतो म्हणून सांगितलं आणि मी निरोप दिला. दोघांनीही आपापल्या परीने बरोबर ऐकलं.

त्यानंतर वारा आला. तिथलं वादळ वर्दी देत नाही. खिडकीबाहेरचं गॅरेज गेलं, मग खिडकीच्या खालची पायरी गेली, मग नुसतं पांढरं आणि एकसारखा घुमणारा आवाज. नेगीसाहेबांनी बोर्ड पाहिला. सगळे हिरवे. त्यांनी दारं पक्की लावून घ्यायला सांगितलं.

जेवायला बसलो तेव्हा आचाऱ्याने भाताचं पातेलं घेऊन इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “मढवी किधर है? आज चावल है और मढवी नहीं?”

खोलीत नव्हता, बाथरूममध्ये नव्हता, जनरेटरकडे नव्हता. रेडिओवर उत्तर नाही. नेगीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तो गॅरेजातून परत येत होता. मग चौघे एकमेकांना बांधून, दोरी धरून, गॅरेजच्या वाटेवर रांगत गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. पुन्हा गेले. त्या वेळात मी बोर्डासमोर उभा होतो आणि डोक्यात ती दोन वाक्यं फिरत होती. येतो. ये. येतो. ये. आणि एकदम मला ती दारातली वाटली, आपल्या घराच्या दारातली, चपला घालताना बोलतात तशी. पंपाच्या पाइपात बर्फ धरतोय, बघायला हवं, असं तो सकाळी चहाला मला म्हणाला होता.

“सर, झील पे देखिए,” मी नेगीसाहेबांना म्हणालो. “पंपवाली झोपडी.”

“आपको कैसे पता?”

“अंदाज़ है.”

त्यांनी वेळ घालवला नाही. हिराजी झोपडीतच होता, पंपाच्या पेटाऱ्यामागे गोळा होऊन बसलेला. पाइप सोडवताना उजवा हातमोजा भिजला आणि गोठला, रेडिओची बॅटरी उतरली. वादळात सापडलात तर आहात तिथेच थांबा, तुम्हांला न्यायला येतील, असं आम्हांला हिमालयात शिकवलं होतं. त्याने तेच केलं. त्याला आत आणल्यावर डॉक्टर त्याचा हात कोमट पाण्यात धरून बसले होते आणि तो दात वाजवत माझ्याकडे बघून हसत होता.

“मना म्हाईत व्हता. शेजाऱ्याला सांगितलाय, म्हंजे येतील. म्हनून हाललू नाय.”

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी

थोड्या दिवसांनी नेगीसाहेबांनी आम्हां दोघांना बोलावलं. वर कळवायचं होतं, काय झालं ते. ते हिराजीशी सौम्यपणे बोलत होते.

“रेडियो पर आपने क्या कहा था?”

“बोला ना साब. आता हूँ बोला.”

“आता हूँ? यानी वापस?”

“वापस नहीं...” हिराजी अडखळला. हिंदीत माणूस निघताना ‘चलता हूँ’ म्हणतो; ते शब्द त्याला त्या वेळी सुचले नाहीत. तो माझ्याकडे वळला. “हमारे में ऐसाच बोलते हैं, साब. शेजारी, सांग ना यांना. आपल्यात कसा बोलतान.”

नेगीसाहेब माझ्याकडे बघू लागले.

समजावून सांगायला एक वाक्य पुरलं असतं. परक्या देशातल्या म्हाताऱ्याला मी ते चहा पिताना हौसेने सांगितलं होतं. पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरं आलं असतं: मग तुम्ही का विचारलं नाही? आणि बिल्ला कुणी फिरवला? मी म्हणालो,

“सर, इसने कहा ‘येतो’. येतो मतलब, आ रहा हूँ.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. हिराजीने माझ्याकडे पाहिलं, मग हाताच्या बँडेजकडे. परत येतो म्हणून कळवून मढवी न सांगता दुसरीकडे गेले, असं वर गेलं. माझ्या अंदाजामुळे त्यांचा जीव वाचला, असंही गेलं.

उरलेला हिवाळा आम्ही एकत्र काढला. सूर्य पूर्ण गेला, आकाशात ध्रुवप्रकाशाचे हिरवे पडदे हलू लागले, आम्ही रमी खेळलो. हिराजी डाव्या हाताने पत्ते धरायला शिकला आणि डाव्या हाताने लपवायलाही. मला शेजारीच म्हणत राहिला. रेडिओवर मात्र तो पुन्हा मराठीत बोलला नाही. “मढवी. गोइंग आउट. गॅरेज टू लेक.” आणि परतताना, “मढवी. कमिंग इन.” एवढं स्वच्छ की त्यात सुधारायला काही नव्हतं.

परत

नवी मुंबईत पोचलो तेव्हा सगळ्यांत आधी वास आले, सगळे एकदम. मला गहिवरून आलं. सुनंदाने लोकरी कपडे बाल्कनीतच वाळवले.

हिराजीला पुन्हा जायचं होतं. त्याने अर्ज केला, घेतलं नाही. शिस्तीचा प्रश्न होता, असं त्याला सांगण्यात आलं. गावात वेगळंच पसरलं: पिऊन बाहेर गेला आणि बोटं घालवून आला. तो कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसला की पोरं बोटं दाखवून विचारायची, बर्फ घातला होता का दारूत. हे मला त्याच्याच गावच्या, माझ्या ऑफिसातल्या एका शिपायाने हसत हसत सांगितलं. आणि मी त्या काळात शाळाशाळांत फिरून अंदाजाची गोष्ट सांगत होतो. मुलं टाळ्या वाजवायची.

गेल्या वर्षी हिराजी गेला. झोपेत गेला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या मुलाने माझ्यासमोर हात जोडले. “बाबांची चूक व्हती, पन तुमी व्हतात म्हनून आमाला ते इतकी वरसं मिलालं.” मी पाणी प्यालो आणि उठलो. तिथेही बोललो नाही.

म्हणून त्याच्या मुलाने, सुनेने आणि त्या हॉटेलात बसणाऱ्यांनी हे वाचावं. हिराजी मढवी दारू प्यायलेला नव्हता. तो न सांगता गेला नाही. आपल्यात सांगून निघतात तसा सांगून निघाला, आणि नियमाप्रमाणे जागेवर थांबला. विचारायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. मी अंदाजही केला नाही. मला माहीत होतं.

एक भेट सांगायची राहिली. हिराजी जायच्या आधीच्या दिवाळीत मी ठरवून तळवलीला गेलो होतो. सगळं बोलायचं, म्हणून एकटाच गेलो. जुन्या घराच्या जागी बिल्डिंग झाली आहे, तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा. मिशी रंगवणं सोडलं होतं. त्याच्या बायकोने बोंबील तळले, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. आम्ही बिटाच्या सुपावर हसलो, नेगीसाहेबांच्या जळलेल्या वायरवर हसलो.

“तुजा भाषन आमचे सुनेनी ऐकला ऐरोलीन,” हिराजी भात कालवत म्हणाला. “तू अंदाज केलास म्हनून मी वाचलू, असा सांगतंस म्हने.”

“हो.”

“बरा बोलतंस, बोलली.”

वहिनींनी मला आणखी भात वाढला. मी तो संपवला.

निघायला उठलो. हिराजी दारापर्यंत आला. मी चपला शोधत होतो आणि सवयीने म्हणालो, “येतो.”

“येतंस का जातंस?” तो म्हणाला. “नक्की सांग. नायतर बिल्ला उलटा पडंल.”

म्हणजे बिल्ला मी हिरवा केला होता, हेही त्याला माहीत होतं. सगळंच माहीत होतं. तीन बोटांचा तो हात त्याने दाराच्या चौकटीवर ठेवला होता आणि तो हसत नव्हता. वाट बघत होता. रिक्षात घोकलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं: हिराजी, तू सांगितलं होतंस. मी विचारलं नाही, आणि मग सांगितलंही नाही. माझी चूक होती, माफ कर.

मी हसलो आणि वाकून चपलेचा पट्टा लावत राहिलो.

“ये,” हिराजी म्हणाला.